ओढीचा गिअर

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५

चि. शिवम,

नानाचा आणि आईचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तिकडं थंडी फार असंल, कान झाकत जा.

पत्र बघून तुला हसू येईल. फोन असताना कागद कशाला खराब करता, असं तुझी आईही म्हणली. पण फोनवर माझं तोंड आधी पळतं आणि डोकं मागून येतं. दिवाळीपासून हेच चाललंय. तू फोन आपटतोस, नाहीतर मी आपटतो, आणि तुझी आई दोघांचा राग ताटावर काढते. कागदावर हात हळू चालतो. पोस्टातला माणूस म्हणला, जर्मनीला पोचायला वेळ लागंल. मी म्हणलो, लागू दे.

लासूरच्या रानात तूर निघाली, हरभऱ्याला घाटे धरलेत. गहू मध्यम. आईचा गुडघा थंडीनं धरतो, पण ऐकत नाही, रोज गच्चीवर जाऊन ऊन खाते आणि उतरताना मला हाका मारते. स्टेशनजवळची आपली चिंच महामंडळवाल्यांनी तारांसाठी छाटली. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

आता मुद्द्याचं. तू म्हणं तुझ्या दोस्ताला, देवेशला निरोप दिलास, शेडमधली तुझी अर्धवट शर्यतीची गाडी खोलून टाक, इंजिन-गिअरबॉक्स कुणाला लागत असंल तर देऊन टाक. देवेश परवा आला होता. पाना-पेटी घेऊनच आला होता बिचारा. शेडच्या दारात आला आणि तिथंच थांबला, कारण गाडीखालून सोनियाचे दोन पाय बाहेर आलेले होते.

तुला माहीत नसंल म्हणून सांगतो. दिवाळीच्या आधी तू कळवलंस की परत येत नाही, तिथं दुसरी बाई आहे, सोनियाशी संसार संपला. ते तिला कसं कळलं ते आज लिहीत नाही. त्यानंतर आम्ही तिला म्हणलो, सिल्लोडला भावाकडं जायचं असंल तर मी स्वतः सोडून येतो. ती म्हणली, "नाना, तुम्ही जा म्हणाल तर जाते." तुझी आई आतून म्हणली, "कुणी म्हणलं नाय जा." तो विषय तिथंच मिटला. ती वाळूजला तिच्या गिअरच्या कंपनीत जात राहिली. सकाळी डबा, संध्याकाळी परत. बोलणं कमी झालं होतं, एवढंच.

मग एका रविवारी ती शेडमध्ये गेली आणि ताडपत्री ओढली. तू वेल्ड केलेली ती पाइपांची चौकट, दोन सीटा, पुढं इंजिन, मागं काहीच नाही. आत चिमण्यांनी घर केलं होतं. तिनं ते घर उचलून पत्र्याच्या कडेला ठेवलं, झाडलोट केली आणि संध्याकाळी जेवताना म्हणली, "नाना, ही मी पुरी करते." मी म्हणलो कर. तुझ्या आईनं तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

तर देवेश दारात. म्हणाला, "वहिनी, शिवमचा निरोप आहे." त्यानं निरोप सांगितला. ती गाडीखालून बाहेर आली, हात पुसले, आणि जसं काही ऐकलंच नाही असं म्हणली, "बरं झालं आलास. मागचं क्राउन-पिनियन कोणतं घालायचं ते ठरवायचंय."

देवेशनं माझ्याकडं बघितलं. मी वर पत्र्याकडं बघितलं.

तो म्हणाला, "शिवमनं तर तीन पॉइंट सात ठरवलेलं होतं. माझ्या चिकलठाण्याच्या शॉपमध्ये तयार पडलंय."

"शिवम कुठं चालवणार होता?"

"कुठं म्हणजे? ट्रॅकवर."

"कुठल्या? कोईमतूरच्या ट्रॅकवर सरळ जागा किती आणि वळणं किती, बघितलंयस ना? तिथं तीन सातला पाचवा गिअर पडणारच नाही. वळणातून निघताना दुसऱ्यात इंजिन ओरडंल आणि तिसऱ्यात रडंल. मला चार पॉइंट तीन पाहिजे."

मी मध्ये विचारलं, हे सात आणि तीन काय. मला समजलं ते असं. मागच्या एक्सलमधलं छोटं चक्र किती वेळा फिरलं की मोठं चक्र एकदा फिरतं, त्याचा हा आकडा. आकडा कमी तर गाडी पळायला चांगली, पण उठायला आळशी. आकडा जास्त तर उठते झटकन, पण शेवटचा वेग कमी. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचंच. रिकामी ट्रॉली डांबरावर न्यायची तर पळायचा गिअर, नांगर लावायचा तर ओढीचा. मी तसं म्हणलो तर सोनिया म्हणली, "बरोबर नाना. शिवमनं पळायचा घेतला होता. मला ओढीचा पाहिजे."

देवेश शहाणा माणूस. त्यानं वाद गिअरबॉक्सवर नेला. तू तो पुढं-मागं ढकलायचा, क्लच न दाबता पडणारा गिअरबॉक्स बाहेरून मागवणार होतास. तो म्हणाला, वेळ वाचतो. ती म्हणली, "वेळ वाचतो, पण त्याचे दात लवकर झिजतात, आणि दर थोड्या दिवसांनी खोलायला तुझ्याकडं पाठवावा लागतो. मला साधाच पाच गिअरचा पाहिजे. फक्त दुसरा, तिसरा आणि चौथा एकमेकांच्या जवळ आणून दे. आणि मला माझ्या हातानं खोलता आला पाहिजे."

मग डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना जोर वाटून देतो तो भाग. देवेश म्हणाला आतून वेल्डिंग मारून टाकू, दोन्ही चाकं एक होतील, सोपं काम. इथं मात्र मी बोललो. चिखलात आपण डिफरन्शियल लॉकचं पॅडल दाबतो, पण वळायच्या आधी पाय काढतो, नाहीतर टायर घासतात आणि एक्सल जातो. ही तर वळणावळणाची शर्यत. सोनिया हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून लिहितो. म्हणली, असा एक येतो ज्यात आत तिरक्या दातांचे छोटे गिअर असतात. वळताना चाकांना आपापल्या गतीनं फिरू देतो, आणि एक चाक घसरायला लागलं की जोर दुसऱ्याकडं वळवतो. त्यात झिजायला काही नाही. एक खोट आहे, चाक पार हवेत उचललं की तो हात टेकतो. पण ती म्हणली, चालंल.

देवेश पाना-पेटी न उघडता चहा पिऊन गेला.

शेवटचं. तुझ्या वकिलाचे फारकतीचे कागद आले. सोनियानं दोनदा वाचले. म्हणली, "नाना, गाडी पुरी करते, मग सही करते. अर्धवट टाकून मला निघायचं नाही." मी बरं म्हणलो. तेव्हा तुला घाई असंल तर देवेशला सांग, गाडी खोलू नको, हात लाव.

आईनं तुला विचारलंय, तिथं ज्वारीचं पीठ मिळतं का.

नाना


पडेगाव
२३ मार्च २०२५

चि. शिवम,

आशीर्वाद. तुझा निरोप देवेशला पोचला. तू "ती म्हणेल ते कर" म्हणलास, ते बरं केलंस. त्यानं दहा दाती पिनियन आणि त्रेचाळीस दाती क्राउन कापून दिलं. गिअरबॉक्समधले दुसरा-तिसरा-चौथाही बदलून झाले. सोनियानं ते सगळं शेडमध्ये जुन्या चादरीवर मांडून मला दाखवलं. लग्नाच्या रुखवतासारखं दिसत होतं. हे मी मनात म्हणलो, तोंडानं नाही.

गव्हाची कापणी झाली. हार्वेस्टरवाल्यानं यंदा वेळेवर यायचं मनावर घेतलं, नवलच.

पण काम अडून पडलं, आणि ते का अडलं ते तुला सांगायलाच पाहिजे. डिफरन्शियल पुण्याहून कुरिअरनं येणार होता. आठवडा गेला, आला नाही. कुरिअरवाले म्हणले दिलाय. सोनियानं फोन केले, मेल केले. मी स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन त्या डिलिव्हरीवाल्या माणसाला नको ते बोललो. तो शपथा घ्यायला लागला, "काका, मावशींच्या हातात दिला, लई जड होता, मीच आत ठेवून दिला." मला वाटलं खोटं बोलतो. घरी येऊन तुझ्या आईला विचारलं. ती म्हणली, "मला बाई नाय आठवत." आणि भांडी घासायला गेली. त्या वेळी घासायला एकही भांडं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

गेल्या मंगळवारी दळण काढायला मी ज्वारीच्या कोठीत हात घातला. हाताला लोखंड लागलं.

उपसलं तर खोका कधीच फुटलेला, आणि आत तुमचा तो डिफरन्शियल, अर्धा ज्वारीनं भरलेला. एवढं वजन तुझ्या आईनं त्या गुडघ्यानिशी कसं उचललं, देवाला ठाऊक. मी तो अंगणात आणून ठेवला. तेवढ्यात सोनिया कंपनीतून आली. तिनं बघितलं. तुझी आई दारात उभी. मला वाटलं आता घरात काय होतंय आणि काय नाही.

सोनियानं एवढंच विचारलं, "आई, का?"

तुझी आई म्हणली, "हे बसलं की गाडी चालंल. गाडी चालली की तू सही करशील. सही केली की जाशील. मंग मी सकाळी कुणाचा डबा भरू?"

सोनिया पायरीवर बसली. बॅग खांद्यालाच. म्हणली, "आई, मला कोईमतूरला नोकरी लागलीय. गिअर बनवणारीच कंपनी आहे. जूनमध्ये हजर व्हायचंय. महिना झाला कळून."

"आन् बोलली नाईस?"

"तोंड उघडंना माझं. मीसुद्धा हळूच करत होते काम. क्राउन-पिनियनच्या दाताला शाई लावून बघतात ना, दात कुठं टेकतो ते? देवेशकडच्या जुन्या डिफरन्शियलवर एकदा बसवलं, बरोबर बसलं. तरी खोललं. परत बसवलं, परत खोललं. नाना म्हणायचे, किती बारीक काम करते पोरगी. बारीक नव्हतं ते. नुसतं लांबवत होते."

मी तिथं उभा होतो तो आत जाऊन उगीचच टीव्ही लावला. दोघी काय बोलल्या, किती रडल्या, मला माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा दोघी रॉकेलच्या घमेल्यापाशी बसल्या होत्या. सोनिया ब्रशनं धूत होती आणि तुझी आई केसांच्या पिनेनं त्या तिरक्या दातांतून ज्वारीचे दाणे काढत होती. मधूनच म्हणली, "ह्यो एक आतच बसलाय बघ, मेला." सोनिया म्हणली, "काढा आई, एक दाणा राहिला तरी चालायचं नाही."

चौथ्या दिवशी डिफरन्शियल बसला. कुरिअरच्या ऑफिसात जाऊन त्या माणसाची मी माफी मागून आलो. त्यानं मला पाणी दिलं.

आता जे मागच्या पत्रात टाळलं ते लिहितो.

दिवाळीच्या आधी तुझा फोन आला तेव्हा मी लासूरला कांद्याच्या वाफ्यात होतो. तू सगळं सांगितलंस आणि शेवटी म्हणलास, "माझ्याच्यानं तिला सांगवणार नाही. नाना, तुम्हीच सांगा." आणि ठेवून दिलास. मी घरी आलो तर सोनिया केस विंचरून तयार. म्हणली, "नाना, गुलमंडीत सोडता का, व्हिसाचे फोटो काढायचेत." तुझ्याकडं यायचा व्हिसा. मी म्हणलो चल. मला वाटलं वाटेत सांगू. वाटेत नाही जमलं. पुढं बाजारात गर्दी होती, तिथं नाही जमलं. ती फोटोच्या दुकानात गेली आणि मी बाहेर स्कूटरला टेकून उभा राहिलो. आत फोटोवाला तिला म्हणत होता, "ताई, हसू नका. व्हिसाच्या फोटोत हसू चालत नाही." आणि तिला हसू आवरत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, ताई, तोंड मिटा.

परतीच्या वाटेवर छावणीच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. तिनं मला एकच विचारलं, "त्यानं तुम्हाला सांगायला लावलं?" मी हो म्हणलो. तिनं फोटोचं पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि म्हणली, "चला नाना, आई वाट बघत असतील."

शिवम, तुझं मन तिकडं लागलं, ते मी धरून ठेवत नाही. माणसाचं मन काय दाव्याला बांधलेला बैल नाही. पण तुझ्या तोंडचं वाक्य तू माझ्या तोंडात घातलंस, आणि मी ते बोललो. त्या दिवसापासून तिच्यासमोर चहा प्यायला बसलो की तो पूल आठवतो. तू तिला एकदा स्वतः फोन कर. माफी माग, नाहीतर नको मागू, पण तुझ्या आवाजात ऐकू दे तिला. कागद थांबवून मी तुला हे म्हणत नाही. कागद तुला मिळतील. हे वेगळं आहे.

आईला हे पत्र वाचून दाखवलं नाही.

नाना


पडेगाव
११ जून २०२५

चि. शिवम,

आशीर्वाद. आम्ही गेल्या आठवड्यात कोईमतूरहून परत आलो. आईचे पाय सुजलेत, बाकी मजेत. सगळं सविस्तर लिहितो.

गाडी पिकअपवर बांधून देवेश पुढं गेला. आम्ही तिघं रेल्वेनं. तुझ्या आईनं दशम्या, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू एवढं बांधलं होतं की डब्यातल्या दोन अनोळखी कुटुंबांचं जेवण झालं. कोईमतूरला कंपनीनं सोनियाला दोन खोल्या दिल्यात. तुझ्या आईनं पहिल्या दिवशीच तिथली फरशी पुसून काढली आणि शेजारणीशी मराठीत बोलून आली. ती बाई तमिळमध्ये बोलली. दोघी खूश.

ट्रॅकवर जायच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. सोनियानं नाव बघितलं आणि बाहेर जिन्यात गेली. मी आणि आई आत, टीव्ही नव्हता म्हणून नुसतेच बसलो. ती फार वेळ नव्हती बाहेर. आली, पाणी प्याली. तुझ्या आईनं विचारलं नाही, मीही नाही. तिनंच सांगितलं. म्हणली, "पहिल्यांदा त्यानं विचारलं, शेवटी कोणता रेशो घातलास. मी म्हणले चार तीन. तो म्हणाला, सरळ पट्टीवर आखडेल. मी म्हणले हो, आखडेल. मग म्हणाला, मी तुला स्वतः सांगायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही."

मी विचारलं, "मग तू काय म्हणलीस?"

"म्हणले, होय, सांगायला पाहिजे होतं."

बस्स, एवढंच. मग तिनं चहा टाकला. तुझा फोन आला हे चांगलं झालं. तुला ते सोपं गेलं नसंल, हे मला कळतं.

सकाळी ट्रॅकवर गेलो. हौशी लोकांचा दिवस असतो तो, शर्यत नसते, ज्यानं त्यानं आपली गाडी पळवायची. मोठमोठ्या गाड्या आलेल्या. आपली त्यात शेळीच्या करडासारखी. फाटकापाशी एक फॉर्म भरून घेतात, काही झालं तर कुणाला कळवायचं त्याचा. सोनिया भरत होती, मी चष्मा लावून बाजूला उभा. नावापुढं तिनं माझं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. माझ्याकडं बघितलं नाही तिनं, आणि 'वडील' लिहून पान उलटलं.

पहिल्या फेऱ्या सावकाश. मग तिनं गाडी मोकळी सोडली. मला वेगाचं काय कळतं? पण आवाज कळतो. आयुष्य इंजिनाच्या आवाजावर गेलंय. वळणात शिरताना तिसरा पडायचा आणि निघताना तो तिसराच तिला उचलून बाहेर आणायचा, कुठं अडखळ नाही, कुठं रड नाही. पुढची मोठी गाडी प्रत्येक वळणावर जवळ यायची. पण सरळ पट्टी लागली की तीच मोठी गाडी निघून जायची, आणि आपल्या गाडीचं चौथ्यातलं ओरडणं पार इकडं ऐकू यायचं. पाचवा टाकावा तर पुढं लगेच वळण. म्हणजे तिथं तुझं बरोबर होतं. तिनंही खाली उतरल्यावर कबूल केलं. म्हणली, "पट्टीवर शिवमचा गिअर पाहिजे होता. पण पट्टी एक आहे आणि वळणं बरीच."

दुपारच्या आधी एकदा चुकली. ट्रॅकच्या कडेला लाल-पांढरा उंचवटा असतो, त्यावर जास्त चढली. आतलं चाक हवेत उठलं, मग त्या डिफरन्शियलनं हात टेकले, इंजिन नुसतं किंचाळलं, आणि तिनं गडबडीत पाय सोडल्यावर गाडी गरगर फिरून गवतात. धूळ उडाली, काही दिसंना. मी चष्मा काढून पुसायला लागलो. तुझी आई मात्र कठडा धरून मोठ्यानं "सोनिये!" म्हणून ओरडली, ते तिथल्या सगळ्या लोकांनी ऐकलं. धूळ बसली तर गाडी उलट तोंडानं उभी आणि सोनिया आतून हात हलवतेय. काही झालं नव्हतं. आत आल्यावर हेल्मेट काढलं तर घामानं भिजलेली आणि हसतेय. म्हणली, "डिफरन्शियलची खोट माहीत होती, आज भेटली." देवेश खालून सगळं तपासून म्हणाला, ठीक आहे.

मला वाटलं आता आई म्हणंल बस्स, बांधा गाडी. ती म्हणली, "मला बसायचंय."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. "दोन शिटा हायत ना? मंग?"

तिथले लोक म्हणले, लुगडं चालणार नाही, सुरक्षेचा नियम आहे. तुझी आई आडोशाला गेली आणि माझा पायजमा, सोनियाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून आली. डोक्यावर हेल्मेट. मी लग्नापासून या बाईला ओळखतो, पण क्षणभर मला ओळखली नाही. पट्टे आवळले. देवेशनं फोटो काढलाय, तो तुला पाठवंल. बघ आणि जपून ठेव.

गाडी गेली. मी मनात मारुतीचं नाव घेत होतो. परत आली तेव्हा दोघांनी धरून तिला बाहेर काढावं लागलं, गुडघा वळंना. एका टायरवर बसवली. पाणी प्याली. मी विचारलं, "काय गं, कसं वाटलं?"

"आतडी जागची हालली माझी." परत पाणी प्याली. मग म्हणली, "अवो, ती वळणावर आली ना, का मी डोळं मिटायची. एकदा मिटलं नाय. तिच्याकडं बघितलं. ती वळणाकडं बघतच नव्हती. त्याच्या बी पुढं बघत हुती."

"मग?"

"मंग काय. जाऊ द्या तिला."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तुझ्या आईनंच पिशवीतून कागद काढले आणि पेन दिलं. सोनियानं जिथं जिथं सांगितलंय तिथं तिथं सही केली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भात किती लावू विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. काही झालं नाही. जेवलो. तिसऱ्या दिवशी तिची नोकरी सुरू झाली, तिनं दोन डबे भरले, एक स्वतःचा, एक आम्हाला रेल्वेत खायला. स्टेशनवर तुझ्या आईचे पाय धरले. आई म्हणली, "उठ, गाडी सुटंल."

सही केलेले कागद या पत्रासोबत आहेत. गाडी तिच्याकडंच राहील, हे तू वेगळं लिहून द्यावंस असं मला वाटतं. ती मागणार नाही, म्हणून मी मागतो.

वकील म्हणाला, कोर्टाच्या तारखेला तुला यावं लागंल, नाहीतर व्हिडिओवर दिसावं लागंल. जमलं तर ये. आलास तर हॉटेलात उतरू नको. तुझी खोली आईनं झाडून ठेवलीय. सोबत कुणी येणार असंल तर तसं आधी सांग. आईला तयारीला थोडा वेळ लागंल. स्वयंपाकाच्या तयारीला म्हणत नाही मी.

आल्यावर मी तुला रागावणार नाही असं लिहीत नाही. रागावंन. पण एकदाच आणि समोर बसून. मग आपण लासूरला जाऊ. रानाची मशागत झालीय, सरकी आणून ठेवलीय, पेरणीला एक माणूस कमी आहे.

सोनिया दर रविवारी फोन करणार आहे. पहिला आला. नवीन ठिकाणी कॅन्टीनचं जेवण आंबट असतं म्हणली, आणि तुझ्या आईला ठेच्याचं विचारलं. ठेवताना म्हणली, "नाना, गोळ्या घेता ना?" मी खोटं बोललो, घेतो म्हणलो. मग फोन ठेवल्यावर घेतली.

तिच्या फॉर्मवर माझं नाव आहे, ते आता तिथंच राहील. तुला त्याचं वाईट वाटू नये म्हणून खाली सही करताना मी दोन शब्द जास्त लिहितोय.

तुझा बी,
नाना